रात्रीच्या गारव्याचा हिशेब

हरारे आणि पुणे विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. झिंबाब्वेची राजधानी दक्षिणेला साधारण १७.८ अंशांवर, पुणं उत्तरेला १८.५ अंशांवर. दोन्ही पठारावरची शहरं. हरारेची उंची दीड हजार मीटरच्या आसपास, पुण्याची साडेपाचशेच्या. या हरारेच्या मध्यवस्तीत १९९६ साली ईस्टगेट सेंटर ही इमारत उभी राहिली. नऊ मजल्यांचे दोन लांबट भाग समांतर उभे, मधे काचेच्या छपराखाली येण्याजाण्याची गल्ली, खाली सुमारे साडेपाच हजार चौरस मीटर दुकानं, वर २६ हजार चौरस मीटर कचेऱ्या आणि ४५० मोटारींची सोय. एवढ्या मोठ्या व्यापारी इमारतीत नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवलेली नाही.

मालक होती ओल्ड म्युच्युअल ही विमा आणि गुंतवणूक क्षेत्रातली कंपनी, वास्तुविशारद मिक पिअर्स, अभियंते अरूप. वातानुकूलनाची अवाढव्य यंत्रं परदेशातून आणायची, सुटे भागही परकीय चलनात विकत घेत राहायचे, हे मालकाला परवडणारं नव्हतं. त्या अडचणीतून इमारतीचा आकार निघाला. यंत्रणा वगळल्यामुळे बांधकामातच सुमारे ३५ लाख डॉलर वाचले, असं तेव्हापासून सांगितलं जातं. विजेबाबत मात्र दोन आकडे फिरतात. ‘नव्वद टक्के कमी वीज’ हा आकडा लेखांमधून सर्रास येतो, पण तो हवा खेळवण्यापुरताच लागू आहे. हरारेतल्याच पूर्ण वातानुकूलित अशा सहा इमारतींच्या सरासरीशी एकूण वापर ताडून पाहिला तेव्हा तो सुमारे ३५ टक्के कमी भरला. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवे, लिफ्ट, संगणक सगळं धरून एक तृतीयांशाहून अधिक बचत, आणि तीही कुठलंही नवलाचं यंत्र न बसवता.

माझं म्हणणं सरळ आहे. शहराच्या मध्यभागी कमी विजेवर चालणारी मिश्र वापराची इमारत उभारायची, तर तिचा निकाल यंत्रं निवडण्याच्या बैठकीत लागत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, इमारतीचा उभा छेद कागदावर काढताना आणि भाडेकराराचा मसुदा लिहिताना लागलेला असतो. आपल्याकडची चर्चा मात्र यंत्रांपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

ईस्टगेटची जी गोष्ट जगभर सांगितली जाते, ती वाळवीची. आफ्रिकेतल्या उंच वारुळांमध्ये गरम हवा वर चढते, थंड हवा खालून येते, वारूळ आतून एकसारखं थंड राहतं, आणि पिअर्स यांनी तेच तत्त्व उचललं, अशी ही गोष्ट. वारुळातल्या या हवेच्या फेऱ्याची कल्पना मार्टिन ल्यूशर या कीटकशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली होती. पुढे स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोअर यांनी वारुळांत प्रत्यक्ष मोजमापं घेतली. २००८ साली त्यांनी मांडलं ते असं: वाळवीच्या घरट्याचं तापमान भोवतालच्या मातीबरोबर वर्षभर बदलत राहतं, आणि वारूळ मुख्यतः वाऱ्याच्या चढउतारावर आतली हवा बदलण्याचं, म्हणजे फुप्फुसाचं काम करतं. ज्या समजुतीवरून इमारत सुचली ती समजूत अपुरी ठरली. इमारत मात्र चालत राहिली. तरीही परिसंवादांमधून आजही वारुळाचंच चित्र पडद्यावर येतं आणि इमारत का चालते, हा प्रश्न बाजूला राहतो.

ती चालते रात्रीमुळे. हरारेत दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सहज दहा ते चौदा अंशांचा फरक पडतो. ईस्टगेटमध्ये प्रत्येक मजल्याच्या जमिनीखाली काँक्रीटची पोकळी आहे. तिच्यात काँक्रीटचेच दाते काढले आहेत, म्हणजे जाणारी हवा जास्तीत जास्त पृष्ठभागाला घासून जाते. रात्री कचेऱ्या रिकाम्या झाल्या की मोठे पंखे सुरू होतात आणि बाहेरची गार हवा या पोकळीतून खेळवतात. तासाभरात आतली हवा दहाच्या आसपास वेळा बदलते. पहाटेपर्यंत ते जाड काँक्रीट गार पडलेलं असतं. दिवसा पंखे मंद होतात, तासाला दोनेक वेळा. तीच हवा गार काँक्रीटवरून जाऊन खिडक्यांखालच्या जाळ्यांतून खोलीत येते, माणसं आणि संगणक यांच्यामुळे तापते, छताशी चढते आणि तिथल्या झरोक्यांमधून इमारतीच्या मधल्या धुराड्यांत शिरते. विटांची अशी ४८ धुराडी छपरावर रांगेने उभी आहेत.

बाहेरून पाहिलं तर उन्हाच्या बाजूच्या भिंतीत काच पाव हिश्श्याहून जास्त नाही. खिडक्यांवर काँक्रीटची खोल छप्परं आहेत. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला, अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला. विषुववृत्तापासून १८ अंशांवर या गोष्टीचं वजन काय असतं ते पुणेकराला वेगळं सांगायला नको. पुण्यात डिसेंबरच्या मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा असला तरी बरंचसं ऊन अडतं. पश्चिमेला चार-साडेचारचं ऊन तिरपं येतं, त्यापुढे छज्जा निरुपयोगी. म्हणून पश्चिमेला काच ठेवायचीच नाही, किंवा ठेवली तर तिच्यासमोर उभ्या झडपा हव्यात. पिअर्स यांनीच मेलबर्न महापालिकेबरोबर केलेल्या ‘काउन्सिल हाउस २’ या २००६ सालच्या इमारतीत पश्चिमेची सगळी भिंत जुन्या लाकडाच्या झडपांनी झाकली आहे आणि त्या सूर्याबरोबर फिरतात.

आता आपल्याकडच्या नव्या कार्यालयीन इमारतीत जाऊन पाहावं. बाणेर, खराडी, हिंजवडी, कुठेही. पश्चिमेची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची. दुपारी तीनला तिच्यावरचे सगळे पडदे खाली ओढलेले आणि आत दिवे लागलेले. काच बसवायला पैसे गेले, काचेतून येणारं ऊन अडवायला पडदे लागले, पडद्यांमुळे अंधारलेल्या जागेत दिवे आले, आणि काच, दिवे, माणसं यांची मिळून जी उष्णता झाली ती बाहेर काढायला आणखी मोठा चिलर. या साखळीतली शेवटची कडी, म्हणजे चिलर, अधिक कार्यक्षम घेतला म्हणून इमारतीला हरित म्हणायचं, हे मला मान्य नाही.

याहून जास्त नुकसान करणारी वस्तू मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. ती म्हणजे फॉल्स सीलिंग. काँक्रीटची स्लॅब रात्रीचा गारवा साठवू शकते, पण ती खोलीला उघडी असेल तरच. ईस्टगेटमध्ये आणि मेलबर्नच्या इमारतीत छताचं काँक्रीट उघडं, कमानदार किंवा नागमोडी ठेवलं आहे. आपल्याकडे विकासक इमारत ‘बेअर शेल’, म्हणजे आतून मोकळी, देतो, भाडेकरू कंपनीचा फिट-आउट ठेकेदार येतो आणि पहिल्याच महिन्यात स्लॅबखाली जिप्समच्या पाट्यांचं छत लटकवतो. डक्ट, केबल, स्प्रिंकलर झाकायला ते हवंच असतं म्हणे. त्या क्षणी हजारो टन काँक्रीट खोलीच्या हिशेबातून बाद होतं. खोलीची उंची फूट-दीड फुटाने कमी होते, आणि छताला पंखा लावायची जागाही जाते. पंख्याच्या वाऱ्याने माणसाला दोन-तीन अंश गार वाटतं. चांगला बीएलडीसी पंखा त्यासाठी तीसेक वॅट घेतो. आपल्या देशात जी वस्तू घरोघरी आहे, ती बहुतेक कॉर्पोरेट कार्यालयांतून हद्दपार झाली ती दिसायला बरी दिसत नाही म्हणून.

आता कुणी म्हणेल, हरारेचं हरारेत. बरोबर आहे, आणि म्हणूनच नक्कल करायची ती धुराड्यांची करू नये, विचारपद्धतीची करावी. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ अंश असतात, पण पहाटे शिवाजीनगरला पारा वीस-एकवीसपर्यंत उतरतो. सतरा अंशांचा हा फरक हरारेपेक्षाही मोठा आहे. नोव्हेंबर ते एप्रिल पुण्यातली कचेरी रात्रीच्या हवेवर पुष्कळ काम चालवू शकते. जून ते सप्टेंबर हे गणित बसत नाही: दिवस-रात्रीचा फरक बराच कमी होतो, जुलै-ऑगस्टमध्ये तर पाच-सहा अंशांवर येतो, आणि हवेत ओल असते. मुंबईत तर मे महिन्यातही दुपारी ३३-३४ आणि पहाटे २७. स्लॅब गार करायला रात्रीकडे गारवाच नसतो. तिथे सावली, वारा आणि हवेतला दमटपणा काढून टाकणारी यंत्रणा यांचाच विचार आधी करावा लागतो. ज्यांना नरिमन पॉइंटलाही रात्रीच्या हवेची जादू विकायची आहे, त्यांच्यापासून सावध राहिलेलं बरं. आणि पुण्याचा गारवाही कायमचा नाही. मगरपट्ट्यातलं किमान तापमान शिवाजीनगरच्या वेधशाळेपेक्षा बहुतेक वेळा जास्त नोंदलं जातं. डांबर, काँक्रीट आणि हजारो एसींची बाहेर फेकलेली गरम हवा रात्र खाते आहे. म्हणजे आपल्या इमारती ज्या गारव्यावर जगू शकतात, तोच गारवा त्या संपवत आहेत.

रात्र पुरत नाही तेव्हा काय करायचं, याचा एक फार चांगला प्रयोग हैदराबादला झाला आहे. इन्फोसिसने तिथल्या आवारात २०११ साली एक इमारत दोन समान भागांत बांधली. एका भागात चांगल्या प्रतीचं नेहमीचं वातानुकूलन, दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच नळ्या टाकून त्यांतून गार पाणी फिरवलेलं. हवेऐवजी पाण्याने आणि सबंध छताने थंड करायचं. दोन्ही भागांचा वापर मोजला तेव्हा नळ्यांच्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली, आणि बांधणीचा खर्चही जास्त आला नाही. एकाच छपराखाली, एकाच हवामानात, एकाच कंपनीची माणसं दोन्हीकडे बसवून केलेली अशी तुलना जगातही फार नाही. ती आपल्या शेजारच्या राज्यात झाली आणि तरी आपल्या विकासकांच्या बोलण्यात तिचा उल्लेख क्वचितच येतो, याचं मला वाईट वाटतं.

गारवा किती हवा, हा प्रश्नही यंत्रांच्या आधीचा आहे. कार्यालयात २२ अंश हवेत हे कुणी ठरवलं? वातानुकूलनाचे जुने मापदंड बंद प्रयोगखोल्यांतल्या माणसांवर बेतलेले आहेत. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१५ साली आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की त्या सूत्रात शरीरातल्या उष्णतेचा आकडा एका पुरुषाच्या मापाचा आहे आणि स्त्रियांसाठी तो जास्त धरला जातो. एप्रिलच्या दुपारी खुर्चीच्या पाठीवर स्वेटर आणि शाली टाकलेल्या असतात, त्याचं एक कारण हे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या १६ कार्यालयीन इमारतींत सहा हजारांवर नोंदी घेऊन २०१४ साली भारतीय माणसासाठी वेगळा मापदंड मांडला. खिडक्या उघडणाऱ्या इमारतींतल्या लोकांना ऋतूप्रमाणे १९.६ ते २८.५ अंशांपर्यंतचं तापमान ठीक वाटतं, असं त्यातून दिसलं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या मापदंडाला जागाही मिळाली. तरी भाडेकरारात आजही ‘वर्षभर २२ ते २४ अंश’ असं कलम असतं. ते एक कलम इमारतीच्या आकाराइतकीच वीज खातं.

मिश्र वापराकडे आपण सोयीची गोष्ट म्हणून बघतो. त्यात विजेचाही मोठा हिशेब आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रचना पुण्याच्या लक्ष्मी रोडला कुणी शिकवली नाही. पण निरनिराळे वापर एकावर एक रचले म्हणजे बचत झाली, असं आपोआप घडत नाही. कचेरीला थंडावा सर्वांत जास्त लागतो दुपारी तीनच्या सुमारास, उपाहारगृहाला रात्री नऊला. दोघांसाठी एकच सामाईक यंत्रणा ठेवली तर ती दोघांच्या वेगवेगळ्या यंत्रणांच्या बेरजेपेक्षा लहान पुरते. कचेऱ्यांतून काढलेली उष्णता वरच्या हॉटेलच्या अंघोळीचं पाणी तापवू शकते. पण हे आधी ठरवलं तरच. नंतर जोडायला गेलं की दुकानदार स्वतःचे स्प्लिट एसी मागच्या भिंतीला टांगतो आणि कचेरीच्या हवेच्या वाटेवर गरम हवा सोडतो. उलट बाजूही आहे. रात्री मोठे पंखे फिरवून गार होणारी कचेरी आणि तिच्याच डोक्यावर झोपायला आलेली बिऱ्हाडं, यांचं जमत नाही. पंख्याचा आवाज आणि हवेच्या वाटा दोन्ही वेगळ्या कराव्या लागतात. ईस्टगेटने कचेऱ्या आणि दुकानं एवढंच मिश्रण ठेवलं, यात मला मोठं शहाणपण दिसतं.

शहराच्या मध्यभागी असण्याचा फायदा तर बहुतेक हिशेबांतून निसटतोच. अमेरिकेतल्या सरासरी कार्यालयाबद्दल अ‍ॅलेक्स विल्सन यांनी २००७ साली मांडलेला हिशेब असा होता की इमारत जेवढी ऊर्जा वापरते, त्याहून सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा तिथे कामाला येणारी माणसं येण्याजाण्यात जाळतात. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दिशा तीच राहते. पुण्यात सिव्हिल कोर्टाच्या स्थानकात मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात. त्या परिसरातली कचेरी आणि हिंजवडीतली तितकीच हरित कचेरी यांची तुलना फक्त चिलरवर करणं म्हणजे निम्मं बिल लपवणं आहे. आणि अशा जागी चार मजले पार्किंगचे बांधून त्यांना पंखे आणि दिवे पुरवत बसलो, तर जागेचा लाभ आपणच उधळला.

‘छपरावर सोलर टाकू’ हे उत्तर आपल्याकडे फार लवकर दिलं जातं. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छप्पर लागतं आणि पुण्यात त्यातून वर्षाला चौदाशे-पंधराशे युनिट मिळतात. म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरला दीडशेच्या आत. समजा कचेरी चौरस मीटरला वर्षाला दीडशे युनिट वापरते आणि इमारत दहा मजल्यांची आहे. सगळं छप्पर मोकळं मिळालं तरी दहावा हिस्सा भागेल, आणि ते मोकळं कधीच नसतं. कूलिंग टॉवर, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे तिथे आधीच असतात. पॅनेल जरूर लावावीत. पण मध्यवस्तीतल्या उंच इमारतीला तिचं छप्पर वाचवू शकत नाही, तिचा छेदच वाचवू शकतो.

मग चांगला छेद सुचूनही तो बांधला का जात नाही? कारण जो बांधतो तो बिल भरत नाही आणि जो बिल भरतो तो बांधत नाही. विकासक जागा विकून किंवा भाड्याने देऊन मोकळा होतो. जाड भिंत, खोल छज्जा, जास्त उंचीचा मजला यांचा खर्च त्याच्या खिशातून जातो. दर महिन्याची बचत भाडेकरूच्या खिशात पडते. ओल्ड म्युच्युअलने इमारत स्वतःकडे ठेवून भाड्याने द्यायची होती, म्हणून तिने पुढच्या अनेक वर्षांचा हिशेब केला. आजूबाजूच्या इमारतींपेक्षा तिथलं भाडं सुमारे २० टक्के कमी ठेवता आल्याचं सांगितलं जातं. मेलबर्नमध्ये मालक आणि वापरणारा एकच होता, महापालिका. हैदराबादलाही तेच. या तिन्ही इमारतींत हुशारी आहे, पण ती हुशारी कामी आली ती एकाच हातात नफा आणि तोटा दोन्ही असल्यामुळे.

सरकारचं धोरण या दरीवर कुठे बोट ठेवतं का, हे बघायला हवं. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ पासून आहे, २०१७ साली ती सुधारली, तिच्यातल्या ठरीव निकषांच्या मार्गात काचेचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांवर थांबवलं आहे. हे चांगलं आहे. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनाच्या पायरीप्रमाणे ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र, मिळतो. पण मानांकन बरंचसं आराखडा, साहित्य आणि यंत्रांची क्षमता पाहून दिलं जातं. इमारत भरल्यानंतर मीटर किती फिरला, हे शेजारच्या नागरिकाला किंवा जागा शोधणाऱ्या भाडेकरूला कुठे वाचायला मिळत नाही. देशातली थंडाव्याची एकूण मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत आठपट होईल, असा अंदाज केंद्र सरकारच्या २०१९ च्या आराखड्यात आहे. एवढी मोठी वाढ समोर असताना नुसत्या कागदावरच्या गुणांवर बक्षिसं वाटत राहणं परवडणारं नाही.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथलं ‘नेबर्स’ मानांकन कार्यालयाच्या मागच्या बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वीजवापरावर दिलं जातं. २०१० च्या कायद्याने मोठी कार्यालयीन जागा विकताना किंवा भाड्याने देताना हे मानांकन जाहीर करणं बंधनकारक झालं. मर्यादा आधी दोन हजार चौरस मीटरची होती, २०१७ साली ती एक हजारावर आणली. त्यामुळे भाडेकरू बिलाचा अंदाज घेऊन जागा निवडू लागला आणि मालकाला छज्जा, स्लॅब, पंखे यांचा मोबदला भाड्यात दिसू लागला.

हे पुण्या-मुंबईत करायला नवं खातं काढावं लागत नाही. वीज कंपन्यांकडे मीटरची नोंद आहे, महापालिकेकडे मालमत्ता कराच्या नोंदीत क्षेत्रफळ आहे. वर्षाच्या युनिटांना चौरस मीटरने भागायचं, कचेरी, दुकान आणि हॉटेल यांचे आकडे वेगळे ठेवायचे, आणि निकाल इमारतीच्या दारावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावायचा. जादा एफएसआय तोपर्यंत तात्पुरता धरावा. इमारत भरल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीचा आकडा ठरल्या मर्यादेत आला तरच तो पक्का, नाहीतर त्याची किंमत वसूल. मग स्लॅबखाली फॉल्स सीलिंग लटकवू द्यायचं की नाही, हे भाडेकरारात विकासक स्वतःच लिहून घेईल.